रायगडावरील करार आणि आजचे व्यापारनियम

महाड तालुक्यातील रायगडाचे नाव घेतले की राज्याभिषेक आठवतो. त्या सोहळ्यास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन उपस्थित होता, हेही अनेकांना ठाऊक असते. मात्र तो केवळ नजराणा देण्यासाठी आला नव्हता. मुंबईच्या इंग्रजांसाठी व्यापारी करार मिळविणे हे त्याचे मुख्य काम होते. मे १६७४ मध्ये तो पायथ्याच्या पाचाडला पोहोचला, तेव्हा शिवाजी महाराज भवानीमातेच्या दर्शनासाठी पोलादपूरपलीकडच्या घाटातील प्रतापगडावर गेले होते. पुढे निराजी पंडितांमार्फत जी बोलणी झाली, तिच्यात आजच्या जागतिक व्यापारनियमांचे एक मूलतत्त्व स्पष्ट दिसते.

इंग्रजांना स्वराज्यात मुक्त व्यापार हवा होता, जकात शेकडा अडीचपेक्षा अधिक नको होती आणि राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई हवी होती. बहुतेक मागण्या मान्य झाल्या. दोन बाबींवर मात्र महाराज अडले. इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे, ही पहिली. कोणत्याही नाण्यास मनाई नाही, ते अंगच्या किमतीने चालेल. परंतु प्रजेला तोटा सोसून ते घेण्यास भाग पाडता येणार नाही, असे उत्तर मिळाले. किनाऱ्यावर फुटलेल्या इंग्रज जहाजांचा माल परत मिळावा, ही दुसरी. असा माल राजाचा होतो, ही कोकणची जुनी वहिवाट होती. ही सवलत इंग्रजांना दिली, तर फ्रेंच, डच आणि इतर व्यापारीही तीच मागतील, असे महाराजांनी सांगितले. संकटात सापडलेल्या खलाशांना साहाय्य करण्याचे मात्र त्यांनी मान्य केले.

एकाला दिले ते सर्वांना द्यावे लागेल. म्हणून सर्वांना देता येईल तेवढेच एकाला द्यावे, हा त्या नकारामागील विचार होता. जिनिव्हा येथे ३० ऑक्टोबर १९४७ रोजी २३ देशांनी ज्या 'गॅट' करारावर सह्या केल्या, त्याचे पहिले कलम हेच सांगते. भारत त्या मूळ देशांपैकी एक होता. १ जानेवारी १९९५ रोजी स्थापन झालेल्या जागतिक व्यापार संघटनेनेही हे कलम कायम ठेवले. त्याला 'परम अनुकूल राष्ट्र' असे काहीसे फसवे नाव आहे. त्यात कोणावर विशेष कृपा नसते. उलट कोणावरही विशेष कृपा करू नये, असाच त्याचा अर्थ आहे. एका देशाच्या मालावरील शुल्क कमी केले, तर इतर सदस्यांच्या तशाच मालावरही ते कमी करावे लागते. लहान देशाला याचा लाभ मोठा असतो. बलाढ्य देशाने घासाघीस करून मिळविलेली सवलत त्यालाही आपोआप मिळते.

समान वागणूक म्हणजे स्वदेशी उत्पादकाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळच्या सुभेदारांना पाठविलेले पत्र याचा दाखला आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातील मीठ स्वस्त पडत असल्याने व्यापारी तिकडे वळू लागले होते आणि संगमेश्वरचे मीठ मागे पडत होते. त्यावर बारदेशच्या मिठावर अशी जकात बसवावी, की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल, अशी आज्ञा झाली. आजचे नियमही असे संरक्षण देतात, परंतु पुरावा मागतात. बाहेरून येणारे रसायन त्याच्या मायदेशातील दरापेक्षा कमी दराने येथे ओतले जात असेल, तर महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदारही दाद मागू शकतो. मात्र मालाचे राशिपातन झाले, देशी उद्योगाची हानी झाली आणि हानीचे कारण तेच राशिपातन आहे, या तिन्ही गोष्टी चौकशीत सिद्ध व्हाव्या लागतात. त्यानंतर लागणारे शुल्क सामान्यतः पाच वर्षे टिकते.

समान वागणुकीला अपवादही आहेत. दोन देश आपसांत मुक्त व्यापार करार करू शकतात. परंतु अशा करारात त्यांच्यातील जवळजवळ सर्व व्यापार यावा लागतो. निवडक दोन-चार वस्तूंवर मित्राला सूट देऊन चालत नाही. २४ जुलै २०२५ रोजी भारताने ब्रिटनशी केलेला करार याच अपवादात मोडतो. रायगडावरील बोलणीनंतर साडेतीनशे वर्षांनी दोन्ही बाजू पुन्हा एकदा जकातीच्या दरांवर बोलल्या.

या सर्व व्यवस्थेचा पाया आज खचू लागला आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळावर सात सदस्य असावे लागतात आणि प्रत्येक अपील तिघांनी ऐकावयाचे असते. अमेरिकेने नव्या नेमणुका रोखून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून त्या मंडळाचे काम ठप्प झाले. निवाड्याविरुद्ध अपील केले की प्रकरण तेथेच अडकते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बहुतांश भारतीय मालावर एकूण ५० टक्क्यांपर्यंत वाढीव शुल्क लावले. देशादेशांसाठी वेगवेगळे दर ठरविणे हे पहिल्या कलमाच्या अगदी उलट होते. अशा वेळी महाडहून न्हावाशेवा बंदराकडे माल पाठविणाऱ्या लहान निर्यातदाराला केवळ वाढीव दराचा फटका बसत नाही. पुढील महिन्यात दर काय असेल, हेच कळेनासे झाल्यामुळे त्याला भाव सांगता येत नाही, मागणी स्वीकारता येत नाही आणि कर्जाच्या हप्त्याचा हिशेबही मांडता येत नाही.

नियम आणि व्यापार यांचे हे नाते जैन परंपरेला नवे नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे आणि भेसळ यांच्याबरोबर विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याची बंधने मोडून केलेला व्यवहारही येतो. जकात चुकविणे किंवा मालाचे मूळ स्थान खोटे दाखविणे याला व्यापारी चातुर्य म्हणता येत नाही. तो व्रताला लागलेला दोष आहे. एका देशाचा माल दुसऱ्या देशाच्या नावाने पाठवून सवलत उपटण्याचे प्रकार आजच्या चढ्या शुल्काच्या काळात अधिक मोह घालतात. म्हणून ही शिकवण आज विशेष ध्यानात ठेवावयास हवी.

बलवान देश नियम वाकवू लागले, म्हणून दुर्बलांनी ते सोडून द्यावेत असे नाही. नियम नसल्यास बलवानाचे फारसे अडत नाही. लहानाजवळ मात्र नियमाखेरीज दुसरा आधार नसतो. भारताने जिनिव्हात अपील मंडळ पुन्हा उभे राहावे असा आग्रह धरला आहे, त्यात महाडच्या छोट्या कारखानदाराचेही हित आहे.