काही सुचलं का?

दर वर्षी आषाढ लागला की आमच्या कार्यालयात एकच प्रश्न फिरू लागतो: "काही सुचलं का?" लेखकांना फोन होतात आणि पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "सुचलं की कळवतो." यंदा एका तरुण सहकाऱ्याने तोडगा काढला. "आपण आयडिएट करू या. बुधवारी, अकरा ते एक." बुधवारी चहा झाला, बटाटेवडे झाले आणि फळ्यावर 'विषय' हा मथळा तेवढा उरला. 'घरातले शब्द' हा या अंकातला विभाग सुचला तो त्यानंतर, दाराशी चपला घालताना. सुचला तोही त्याच सहकाऱ्याला.

मराठी व्याकरणाला ही गंमत आधीच ठाऊक असावी. 'मी सुचलो' असं कुणी म्हणत नाही; 'मला सुचलं' म्हणतो. उपाय सुचला, वाट सुचली, नाव सुचलं. क्रियापद वळतं ते सुचलेल्या गोष्टीप्रमाणे. माणूस आपला 'ला' लावून बाजूला उभा. शब्दाचं नातं 'सूचना'शी आहे, म्हणजे खूण कुठून तरी व्हावी लागते. घरात कुणी आजारी पडलं की 'काही सुचत नाही' म्हणतो, तेव्हा तर हातपायच थबकलेले असतात.

'कल्पना'चं तसं नाही. रोजच्या बोलण्यात आपण तिला माहितीच्या कामाला जुंपलं आहे: 'मला कल्पना नाही', 'त्यांना कल्पना देऊन ठेवा'. पण तिचा मूळ संस्कृत धातू 'कॢप्'. त्यात जुळवणं आहे, रचणं आहे. संकल्प, विकल्प, कल्पक ही सगळी तिचीच भावंडं. युक्ती आणि शक्कल तर चक्क लढवावी लागते. सुचणं आपल्या हाती नसेल. रचणं मात्र आहे.

दिवाळी अंकाचीच गोष्ट घ्या. इंग्रजी मासिकांचे नाताळ अंक इथल्या कितीतरी वाचकांनी चाळले असतील. त्यावरून आपल्या सणाचा अंक काढावा हे सुचलं 'मनोरंजन'कार काशिनाथ रघुनाथ मित्रांना, असं सांगतात. पण नुसतं सुचून भागलं नसतं. मजकूर मिळवणं, तो छापून घेणं, सणाआधी वाचकाच्या हाती देणं हे सारं जमलं, म्हणून 1909 साली तो अंक निघाला आणि आजवर आपण सगळे त्याच वाटेने चालतो आहोत.

फराळाच्या ताटाशेजारी हा अंक उघडा. वाचता वाचता तुमच्या घरातला एखादा शब्द आठवला, तर पोस्टकार्डावर लिहून धाडा. पुढच्या आषाढात आम्हाला लागेलच.

शुभ दीपावली!

— संपादक