रोग्याच्या श्रद्धेची झडती

ख्रिस्ताच्या नावाने केलेल्या प्रार्थनेने दुर्धर रोग हटतात, आणि जेथे ते हटत नाहीत तेथे रोग्याची श्रद्धाच उणी पडलेली असते, असे प्रतिपादन करणारे उपदेशक आज खेडोपाडी पोहोचले आहेत. भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या धानाच्या गावी या प्रतिपादनाची तहकीकात विशेष काळजीने व्हावयास हवी, कारण सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराने पूर्व विदर्भाच्या ज्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडले आहे, त्यातच हा जिल्हा मोडतो.

पूर्वपक्षाची बाजू प्रथम प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीने गर्दीतून येऊन ख्रिस्ताच्या वस्त्राला स्पर्श केला व ती बरी झाली, तेव्हा त्याचे श्रेय ख्रिस्ताने तिच्याच विश्वासाला दिले. उलट स्वतःच्या गावी लोकांच्या अविश्वासामुळे त्याच्या हातून फारसे चमत्कार घडले नाहीत, हेही मार्काने नमूद केले आहे. हे दोन्ही दाखले मला पूर्णपणे कबूल आहेत.

परंतु दोन दाखल्यांवरून व्याप्ती बांधणाऱ्याने उरलेला दस्तऐवजही वाचावयास हवा. अडतीस वर्षे तळ्याकाठी पडून राहिलेल्या माणसाला आपल्याला बरे करणारा कोण हेही ठाऊक नव्हते. आणि अटकेच्या रात्री ज्याचा तुटलेला कान ख्रिस्ताने बरा केला, तो तर पकडावयास आलेल्या जमावातला, प्रमुख याजकाचा दास होता. यांच्या श्रद्धेची झडती कोणी घेतली? उलट पौलासारख्या प्रेषिताने देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, ती मान्य झाली नाही. आणि तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर त्याने थोडा द्राक्षारस सुचवला, विश्वास वाढवण्याचा हुकूम केला नाही. जन्मांधाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा ते त्याचेही नाही आणि आईबापांचेही नाही, असा निर्वाळा स्वतः ख्रिस्ताने दिला आहे.

आपल्या घरचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८९६-९७ च्या दुष्काळात भंडारा जिल्हा ज्या मध्यप्रांतात होता, त्या प्रांतात येऊन त्यांनी निराधार मुलींना आश्रय दिला. केडगावच्या मुक्तिसदनाचा सारा भार प्रार्थनेच्या बळावर वाहिला. आणि १९०५ साली तेथे उसळलेल्या प्रार्थनेच्या लाटेची कीर्ती देशोदेशी गेली. त्याच रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. त्या माउलीचा विश्वास कमी पडला, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

आता दिघोरीच्या परिसरातले दुखणे जवळून पाहा. रोवणीच्या दिवसांत पावसात भिजलेल्या पोराचे हातपाय आणि पाठ असह्य ठणकू लागते, चादरीचा स्पर्शही त्याला सोसवत नाही, आणि घरात रात्रभर कोणाचा डोळा लागत नाही. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्याने उठलेली ही कळ बहुधा काही दिवसांत ओसरते, आणि प्रार्थनाही नेमकी त्याच दिवसांत झालेली असते. म्हणून हसता-खेळता झालेला मुलगा सभेत उभा करून त्याची साक्ष घेतली जाते. मुलाची जबानी खरी असते, परंतु तिच्यावरून काढलेले अनुमान टिकत नाही, कारण आई आणि बाप दोघांकडून आलेला दोष त्याच्या रक्तात होता तसाच असतो. मग या रोगावरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी बंद होते, पुढची कळ अधिक जोराने येते, आणि त्या पोराच्या आईला ऐकावे लागते की तुमचाच विश्वास डळमळला. गुण आला तर तो उपदेशकाच्या प्रार्थनेचा आणि न आला तर कसूर रोग्याचा, हा इन्साफ मला क्रूर वाटतो, आणि ख्रिस्ताच्या नावावर तो खपवला जातो याची चीड येते.

पण म्हणून श्रद्धेला निव्वळ भ्रम ठरवून मोकळे होणाऱ्यांशीही माझे जमत नाही. चमत्कार ईश्वराच्या मर्जीतला आहे आणि क्वचित घडतही असेल. परंतु खुद्द रोमन चर्च त्याची रुजुवात किती कसून करते पाहा. फ्रान्समधील लूर्द या तीर्थक्षेत्री १८८३ पासून वैद्यांचे दप्तर चालू आहे. रोग गंभीर होता काय, गुण तत्काळ, संपूर्ण आणि कायमचा आला काय, हे तेथे तपासले जाते, आणि हजारो दाव्यांतून मान्यता मिळाली ती सत्तरांहून थोड्याच अधिकांना. श्रद्धेचे खरे क्षेत्र मला मिरजेत दिसते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उभारले, ते प्रार्थनेवरचा विश्वास सोडून नव्हे. त्या विश्वासानेच त्यांच्या हाती शस्त्रक्रियेची सुरी दिली. रोग्याच्या उशाशी रात्र काढण्याचे बळ, न टळणारे दुःख सोसण्याचे धैर्य आणि दुसऱ्याच्या लेकरासाठी आयुष्य वेचण्याची बुद्धी श्रद्धेने येते, आणि तिच्याकडे मागावयाचे तेही हेच.

दिघोरीकडच्या आईबापांना माझी विनंती एवढीच आहे की, प्रार्थनेला खुशाल जा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोराची गोळी एक दिवसही थांबवू नका, लग्न जमवण्यापूर्वी दोघांच्याही रक्ताची सिकलसेल तपासणी करून घ्या, आणि तुमच्या विश्वासाचे माप तुमच्या लेकराच्या वेदनेवरून काढणाऱ्याला उंबरठ्याच्या आत घेऊ नका.