दुकान झेरॉक्सचे, दंड कोटींचा!

वस्तीच्या नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात आमचे काय नसते? जातीचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक, शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी स्कॅन केलेला मुलीचा फोटो. दुकानदारही पुष्कळदा आमच्यातलाच, नोकरी न मिळालेला पदवीधर. या दोघांचीही बाजू आम्हाला मांडायची आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. संमतीची नोटीस द्या, काम संपले की माहिती पुसा, ती फुटली तर मंडळाला व ग्राहकाला कळवा, १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती घ्या. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत! दंड कसुरीचे गांभीर्य पाहून ठरेल, हे खरे. पण बड्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. झेरॉक्सवाल्याकडे कोण आहे?

कलम १७(३) नुसार केंद्र सरकार स्टार्टअपसह काही वर्गांना सूट देऊ शकते. मग झेरॉक्सवाला, शिकवणीवाला यांना का नाही? परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. या सूटीत नोटिशीबरोबर माहिती पुसण्याचे बंधनही जाते. नोटिशीचा कागद गेला तर आमचे फारसे बिघडत नाही. दाखला मात्र वर्षानुवर्षे संगणकात पडून राहिला तर बिघडते. आजही आडनाव विचारून भाड्याची खोली नाकारली जाते. २०१८ च्या श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात जात ही संवेदनशील माहिती होती. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. शिवाय दंड जमा होतो भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती काय?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. छोट्या दुकानदाराला कागदपत्रांच्या जाचातून सोडवा, मराठीत तयार नोटीस फुकट द्या, पहिल्या चुकीला दंडाऐवजी समज द्या. माहिती पुसण्याच्या व जपण्याच्या बंधनाला मात्र हात लावू नका. त्याला खर्चही येत नाही. फॉर्म भरून झाला की स्कॅन केलेले दाखले समोरच पुसायला सांगा. हा आपला हक्क आहे, आणि दुकानदाराचे संरक्षणही त्यातच आहे.