कळवा, पण नाव सांगू नका

‘डॉक्टर, हे बाहेर कुणाला कळणार नाही ना?’ बोरीवली-दहिसरहून येणारे रुग्ण हा प्रश्न रोज विचारतात. मधुमेह असो की नैराश्य, बहुतेक वेळा आम्ही निःशंकपणे ‘नाही’ म्हणतो. पण समोरची मुलगी सतरा वर्षांची असेल आणि तिला दिवस गेलेले असतील, तर हे उत्तर देता येत नाही.

२०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले, की पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. यातून डॉक्टर सुटत नाही, समुपदेशकही नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मुलीची संमती होती का, हे कायदा पाहत नाही.

ही सक्तीच नको, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी माझे पटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचे प्रकरण आठवा. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते कळवले नाही, असा आरोप झाला. नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अशा ठिकाणी डॉक्टरच्या मौनाचा फायदा फक्त अत्याचार करणाऱ्याला होतो.

वर्गमित्राशी असलेल्या संबंधातून गरोदर राहिलेल्या मुलीची गोष्ट वेगळी. ‘पोलीस’ हा शब्द निघाला की मायलेकी उठतात, त्या परत येतच नाहीत. मग मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणायच्या आणि रक्तस्राव थांबेना म्हणून रात्री रुग्णालय गाठायचे. कायदा जिच्यासाठी केला, तिचाच जीव असा टांगणीला लागतो.

यावर सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी वाट काढून दिली आहे. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची माहिती डॉक्टरने पोलिसांना द्यायचीच. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास तिचे नाव, ओळख सांगण्याची गरज नाही. तरीही पोलीस नावासाठी अडून बसतात. जुलै २०२५ मध्ये एका स्त्रीरोगतज्ज्ञाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाला याबद्दल पोलिसांना फटकारावे लागले.

दोष एकट्या पोलिसांचा नाही. या निकालाची माहिती नसलेले डॉक्टरही पुष्कळ आहेत, आणि माहीत असूनही ‘कशाला झंझट’ म्हणून मुलीला दुसरीकडे पाठवणारेही. प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि प्रसूती विभागात निकालाचा मराठी सारांश भिंतीवर हवा. आम्ही डॉक्टरांनी तर काय कळवावे लागेल आणि काय लपवता येईल, हे मुलीला प्रश्न विचारण्याआधीच सांगायला हवे. तिने सगळे सांगून टाकल्यावर नव्हे. आणि ‘पॉक्सो’ लिहिलेला केसपेपर तिच्या हातात देऊन तिला सोनोग्राफीच्या रांगेत उभे करणे तर आजही थांबवता येईल. त्याला कोणत्याही न्यायालयाचा आदेश लागत नाही.