संदिग्धतेचा भार लिहिणाऱ्याने उचलावा

राजुरीत आमची कांद्या-टोमॅटोची शेती. शेजारपाजारचे लोक अर्ज, करार, नोटिसा घेऊन माझ्याकडे येतात. ‘‘आत्या, यात नेमकं काय म्हणायचंय?’’ अक्षरं त्यांनाही वाचता येतात. गाडी अडते ती अर्थापाशी.

दोन अर्थांच्या बोलण्याशी माझं वैर नाही. तमाशा कलावंत विठाबाईंचं नारायणगाव आमच्याच तालुक्यातलं. तमाशाच्या गवळणीत मावशी आणि पेंद्या एकमेकांना टोले देतात, तेव्हा वाक्याचे दोन्ही अर्थ समोरच्या गर्दीला एकदमच कळतात. त्या खेळात ऐकणाराही भागीदार असतो. कांदा काढायला बोलावल्यावर शेजारीण ‘‘जमलं तर येते’’ म्हणते. तिची अडचण मला ठाऊक असते. तिला नकार द्यावा लागत नाही आणि मलाही वाईट वाटत नाही. अशी मोकळी जागा भाषेत हवीच, तिच्यावर माणसं टिकतात.

पण कागदावर एकच बाजू लिहिते आणि अर्थही तीच ठरवते, तेव्हा ही मोकळी जागा दुबळ्याच्या मुळावर येते. पीक विम्यात स्थानिक आपत्तीचं नुकसान 72 तासांत कळवावं, अशी अट ठेवली गेली. गारपिटीची वेळ सांगता येते. पण चार दिवस भिजपाऊस पडतो, वाफ्यात पाणी साचतं, मुळं हळूहळू सडतात. मग नुकसान झालं ते कोणत्या तासाला? शेतकरी पात उपटून पाहतो तेव्हापासून मोजायचं, की पहिल्या सरीपासून?

आपल्याकडचा 1872 चा करार कायदा याबाबत फार शहाणा आहे. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो कलम 29 प्रमाणे रद्दबातल. तिथेच उदाहरणं दिली आहेत. नुसतं ‘शंभर टन तेल’ विकायचं ठरलं, तर कोणतं तेल ते कळत नाही, म्हणून करार टिकत नाही. विकणारा फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी असेल, तर मात्र संदिग्धता उरत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना उदाहरण द्यावंसं वाटलं, मग आजच्या अर्जाला ते का जड व्हावं?

विम्याच्या कलमाचे दोन अर्थ निघत असतील, तर विमेदाराच्या बाजूचा अर्थ घ्यावा, हे तत्त्व आपली न्यायालयंही मानतात. पण दोन एकरवाल्याने त्यासाठी कोर्टाची पायरी का चढावी? हाच नियम पहिल्या टेबलावर लागू करा. प्रत्येक अटीखाली शेतातलं एक उदाहरण छापा. अर्ज छापण्याआधी तो गावात चार जणांना वाचून दाखवा आणि त्यांना काय कळलं ते विचारा. अर्थ वेगवेगळे निघाले, तर वाक्य बदला. त्यातूनही घोळ राहिला, तर त्याचा तोटा लिहिणाऱ्याने सोसावा. शब्द निवडण्याची मुभा त्यालाच होती.