घटकांची यादी आणि कथेचे वाचन

कथेचे 'घटक' पाडले की तिचा अभ्यास पुरा होतो, हा समज आपल्या मराठी विभागांत इतका मुरला आहे की त्याला विरोध करणे म्हणजे अभ्यासालाच विरोध करणे ठरावे. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, निवेदन, भाषाशैली, जीवनदृष्टी या मथळ्यांखाली हाती येईल ती कथा घालावी, प्रत्येकाखाली एकेक परिच्छेद लिहावा आणि शेवटी 'एकूणच ही कथा वाचकाला अंतर्मुख करते' असा निर्वाळा द्यावा, ही रीत उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही परिचयाची आहे. अशा उत्तरातील कथेचे व पात्रांचे नाव बदलले तरी उत्तराला धक्का लागत नाही. त्या कथेवाचून ते लिहिता येते, हाच त्याचा मुख्य दोष होय.

या रीतीच्या मुळाशी एक श्रेणीव्यवस्था आहे. आकलन हे शाळेचे काम, विश्लेषण हे विद्यापीठाचे, अशी ती वाटणी. पदव्युत्तर वर्गात 'या वाक्याचा अर्थ काय?' असे विचारणे शिक्षकाला कमीपणाचे वाटते आणि विद्यार्थ्याला अपमानास्पद. वस्तुतः आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवींची नावे वगळून कविता वाचावयास दिल्या आणि त्यांच्या प्रतिसादांची छाननी १९२९ मध्ये ग्रंथरूपाने मांडली, तेव्हा वाचनातील अडचणींच्या यादीत त्यांनी पहिले स्थान दिले ते साध्या वाच्यार्थाच्या आकलनालाच. ज्यांना सुशिक्षित वाचक म्हणावे तेच या पायरीवर अडखळत होते. आपल्याकडे ही पायरी गृहीत धरली जाते. म्हणूनच तिच्यावर अडखळलेले कोणी दिसत नाही.

उदाहरणार्थ, बाबूराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा घेऊ. याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. या कथेवरील उत्तरांत 'दलित जाणीव', 'विद्रोह', 'वेदना' ही पदे हमखास येतात. ती चुकीची आहेत असे नव्हे. पण ती कथेच्या वाचनातून आलेली नसून वाचनाच्या आधीच तयार होती. शीर्षकावर मात्र कोणी थांबत नाही. मराठीत 'चोरणे' या क्रियापदाचे दोन व्यवहार आहेत. परक्याची वस्तू नेणे हा एक. आणि अंग चोरणे, काम चोरणे यांत दिसतो तो आपलेच आखडून घेण्याचा, दडवण्याचा दुसरा. पहिल्या अर्थी निवेदक गुन्हेगार ठरतो, दुसऱ्या अर्थी भयग्रस्त. ज्या समाजात स्वतःची जात दडवणे हा इतरांविरुद्धचा गुन्हा मानला जातो, तेथे हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात. जेरी पिंटो यांच्या २०१८ मधील इंग्रजी भाषांतरात शीर्षकासाठी 'लपवणे' या अर्थाचे क्रियापद येते. दुसरा अर्थ तेथे पोचतो, चोरीचा आरोप मागे राहतो. शिवाय 'जेव्हा' आहे, पण 'तेव्हा' नाही. मुख्य वाक्य गाळलेले आहे. ते संपूर्ण कथेने भरावयाचे आहे. 'चोरली होती' या काळरूपामुळे सांगणारा त्या प्रसंगाच्या पलीकडे उभा आहे, हेही कळते.

आता 'विद्रोह' हे पद पुन्हा तपासून पाहावे. उधना येथे रेल्वेच्या नोकरीवर आलेला निवेदक जात दडवतो. काशीनाथ ती दडवीत नाही आणि अपमान सोशीत नाही. विद्रोहाचे रूढ वर्णन काशीनाथला लागू पडते. परंतु कथा सांगतो तो जात चोरणारा. मार खाल्ल्यावर तो मारणाऱ्यांना दोषी धरीत नाही, मनूचे नाव घेतो. हे शहाणपण आहे, की प्रतिकार टाळण्याची आणखी एक रीत? निवेदक आणि काशीनाथ यांत लेखकाचा कल कोणाकडे आहे? हे प्रश्न 'निवेदन : प्रथमपुरुषी' एवढी नोंद करून सुटत नाहीत. ते तेथे सुरू होतात.

यावर दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा की, शब्दांना असे चिकटून राहणे म्हणजे कथेला समाजापासून तोडणाऱ्या जुन्या रूपवादाकडे परतणे होय. वरील उदाहरणच त्याला उत्तर आहे. जातिव्यवस्था तेथे पार्श्वभूमी म्हणून उभी नाही, ती एका क्रियापदात शिरली आहे. तो शब्द नीट न वाचणाराच समाजाला मुकतो. दुसरा आक्षेप सोयीचा आहे : वर्ग मोठा, सत्र लहान, अभ्यासक्रम लांब. हे खरे आहे. पण मग दहा कथा न वाचता 'शिकवण्या'पेक्षा तीन कथा वाचणे अधिक प्रामाणिक नव्हे काय?

घटकांची परिभाषा टाकून द्यावी असे येथे सुचवावयाचे नाही. ती वाचनाच्या शेवटी, वाचनाने मागितली तर यावी. एडगर अॅलन पो यांनी १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या कथांच्या निमित्ताने मांडलेली एकसंध परिणामाची कल्पना ही एका लेखकाने दुसऱ्या लेखकाला वाचताना केलेली होती. आपण तिचे कलम केले आणि सर्व कथांना ते लावले. वाचनातून जन्मलेली संज्ञा वाचनाला पर्याय झाली, ती अशी.

तेव्हा कथेच्या तासाला पहिला प्रश्न घटकांचा नसावा. कोण सांगतो आहे, केव्हा, कोणाला, आणि काय सांगण्याचे टाळतो आहे, एवढेच विचारावे व उत्तरासाठी पुस्तक उघडावयास लावावे. आज अनेक वर्गांत शिक्षकाच्या टेबलावर टिपणे असतात, विद्यार्थ्याच्या हाती मार्गदर्शक असते आणि कथासंग्रह ग्रंथालयात असतो. हा क्रम बदलल्याखेरीज कोणत्याही नव्या सिद्धांताने आपल्या कथासमीक्षेला वाचक मिळणार नाही.