चाळिशीनंतर पेटी शिकणाऱ्यांसाठी वाचनालयात चार पुस्तकं ठेवा

मंडळी, पोस्ट लांब आहे. कर्जतहून लोकलला बसला असाल तर नेरळ येईपर्यंत वाचून होईल.

एरवी मी रस्ते, पाणी, खड्डे, टेंडर यावर लिहितो. आज पेटी आणि कीबोर्डच्या पुस्तकांवर लिहितोय. याला आता बातम्या मिळत नाहीत वाटतं, असं कुणी म्हणेल. बातम्या ढीगभर आहेत. पण हाही सार्वजनिक पैशाचाच विषय आहे, तो कसा ते खाली येईलच.

आधी माझी फजिती. दोन दिवाळ्यांपूर्वी मुलीसाठी कीबोर्ड घेतला. तिने महिनाभर वाजवला आणि सोडला. मग रात्री बातम्या पाठवून झाल्या की मीच त्याच्यापुढे बसायला लागलो. वय शेहेचाळीस. संगीतातलं शिक्षण शून्य, पण भजनं लहानपणापासून कानावर. स्टेशनबाहेरून एक पुस्तक आणलं, ‘महिन्याभरात शिका’ छापाचं. पहिली चार पानं संगीताच्या महतीची. मग वाद्याच्या भागांचं चित्र, मग दहा थाट आणि मग एकदम सिनेमाची गाणी. प्रत्येक गाण्याखाली नुसते सा रे ग म. कुठलं बोट कुठल्या पट्टीवर टाकायचं, याबद्दल अख्ख्या पुस्तकात अवाक्षर नाही.

तीन महिने मी एका तर्जनीवर अभंग वाजवत होतो. मग आमच्या आळीतले भजनी मंडळाचे एक जुने पेटीवाले काका घरी आले, दारात उभं राहून ऐकलं आणि म्हणाले, “पत्रकार, वाजवताय की टायपिंग करताय?”

काकांनी दहा मिनिटांत जे दाखवलं ते असं. पांढरी एक ‘सा’ धरला तर सा-रे-ग वर अंगठा, तर्जनी, मधलं बोट. मग अंगठा हाताखालून सरकवून ‘म’ वर, तिथून म-प-ध-नी चार बोटांनी आणि वरचा सा करंगळीवर. संपलं. अडखळायला होत होतं ते तिथेच, बोटं संपत होती आणि स्वर उरत होते. पियानोच्या कुठल्याही पाश्चात्त्य पुस्तकात अंगठ्याला १ आणि करंगळीला ५ असे आकडे स्वरांवर छापलेले असतात. आपल्याकडच्या स्वस्त पुस्तकांत एवढी शाई खर्च करायची कुणाची तयारी नाही. आणि सोळा-अठरा वर्षांच्या पोराची बोटं चुकीची वळली तर सुधारतात, आपली एकदा वळली की वळली.

दुसरा घोळ याहून मोठा आहे आणि तो कुणी सांगत नाही. मी नंतर दोन बरी पुस्तकं मिळवली, एक भातखंडे पद्धतीचं, एक पलुस्कर पद्धतीचं. दोन्ही पंडित आपलेच. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे वकील, त्यांनी घराण्यांत कुलपात ठेवलेल्या चिजा गोळा करून ‘क्रमिक पुस्तक मालिका’ छापली, तीही मराठीत. (मला मिळाली ती हाथरसची हिंदी आवृत्ती. मूळ मराठी माणसाचं, मराठीत लिहिलेलं, आणि मी हिंदीतून वाचतोय.) पण दोघांच्या खुणा वेगळ्या. भातखंडे पद्धतीत स्वराच्या खाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार. पलुस्कर पद्धतीत वर टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. आणि तीच उभी रेघ भातखंडेंच्या ‘म’ वर आली की तो तीव्र मध्यम! म्हणजे एका पुस्तकाची सवय घेऊन दुसरं उघडलं की खालचं वर आणि वरचं खाली. शाळेतल्या पोराला गुरुजी सांगतात. घरी एकट्याने शिकणारा प्रौढ माणूस मात्र आपल्याला कानच नाही असं समजून पेटी माळ्यावर टाकतो. असे किती माळे असतील आपल्या दोन तालुक्यांत?

म्हणून पुस्तक घेताना पहिलं हे बघा की ते कुठल्या लिपीत आहे ते स्पष्ट लिहिलंय का. नसेल तर खाली ठेवा.

आता परीक्षेची पुस्तकं. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, पुढे मध्यमा, विशारद. ज्याला परीक्षा द्यायची त्याच्यासाठी उत्तम. शिस्त येते, मान्य. पण खोपोलीच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणाऱ्याला, किंवा पोरं कॉलेजला गेल्यावर दुपारी तास-दीड तास मिळणाऱ्या दहिवलीच्या ताईंना प्रारंभिकच्या लेखी प्रश्नांची उत्तरं पाठ करायची नसतात. त्यांना हरिपाठाला साथ करायची असते. सप्ताहात बुवांनी सूर मागितला तर देता यायला हवा असतो. आणि इथे ही पुस्तकं साफ गळपटतात, कारण त्यांचा सगळा अभ्यास पांढरी एक वर. मंडळात बुवा म्हणतात “काळी दोन घ्या”, की आपला विद्यार्थी गार. कीबोर्डवाल्यांकडे ट्रान्स्पोजचं बटण असतं, ते दाबून वेळ मारून नेता येते. पेटीवाल्याने काय दाबायचं? मोठ्यांच्या पुस्तकात दुसऱ्या महिन्यापासून दोन-तीन पट्ट्या बदलून सराव हवाच.

लहान मुलांच्या पुस्तकांबद्दल जास्त लिहीत नाही. पन्नाशीच्या माणसापुढे ‘जिंगल बेल्स’ आणि ससा-कासवाची चित्रं ठेवणं हा अपमान आहे, एवढंच.

परदेशी पुस्तकांचं काय, असं दोघांनी इनबॉक्समध्ये विचारलंय, त्यातले एक फार्महाऊसवाले आहेत. तुमच्याकडे खराखुरा पियानो किंवा निदान ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तर जरूर घ्या. अल्फ्रेड आणि फेबर या दोघांचीही खास प्रौढांसाठीची पुस्तकं आहेत. अल्फ्रेडच्या पुस्तकात डाव्या हाताने कॉर्ड धरून उजव्याने चाल वाजवणं लवकर येतं, म्हणून माणूस टिकतो. दोष असा की हात एकाच जागी ठेवून वाजवायची सवय लागते, स्वर वाचायच्या ऐवजी आपण बोटांचे आकडे वाचायला लागतो. माझं तेच झालं. पण पेटीवाल्यांनी हे पुस्तक घेऊ नये. पेटीला साडेतीन सप्तकं आणि डावा हात भात्यावर. अर्धं पुस्तक वाया. या पुस्तकांकडून एक गोष्ट मात्र आपल्या प्रकाशकांनी शिकावी. मला मिळालेली प्रत तारेच्या बांधणीची आहे, स्टँडवर उघडी राहते. आपली पुस्तकं डिंकाने चिकटवलेली, एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर, आणि पान मिटतंय! मी पानावर अडकित्ता ठेवतो. आणि टाईप! चाळिशीनंतर चष्मा लागतो हो. पुस्तक मांडीवर नसतं, हाताच्या अंतरावर समोर असतं. एवढ्या बारीक अक्षरात स्वराखालचं टिंब आहे की माशीने केलंय ते कळत नाही.

हे सगळं दुकानात उभं राहून कळतं का? नाही. ऑनलाईन तर मुखपृष्ठच दिसतं. पुस्तक आठ-पंधरा दिवस घरी नेऊन, वाद्यावर ठेवून बघावं लागतं. आणि आठ-पंधरा दिवस पुस्तक घरी न्यायची सोय म्हणजेच वाचनालय. इथे मुद्द्यावर येतो.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. त्यातून पुस्तकं घेतली जातात. पैसे तुमचे-माझे. गेल्या महिन्यात मी आपल्या भागातल्या एका वाचनालयात गेलो (नाव घेत नाही, बिचारा ग्रंथपाल अपुऱ्या मानधनात सगळं ओढतोय). संगीताचा वर्गीकरण क्रमांक ७८०. त्या कप्प्यात काय होतं? दोन गायकांची चरित्रं, एक नाट्यगीतांचा संग्रह आणि पानं सुटलेलं एक बासरीचं पुस्तक. शेजारच्या कपाटात एकाच कादंबरीच्या तीन कोऱ्या प्रती आणि स्पर्धा परीक्षांचे जुने अंक. मी विचारलं, पेटीचं काही का नाही? उत्तर आलं, “साहेब, मागणी नाही.”

मागणी नाही? कर्जत-खालापुरात भजनी मंडळ नसलेलं गाव दाखवा मला. कार्तिकीला साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या यात्रेत जा, एका रात्रीत किती पेट्या वाजतात मोजा. १९४० ते १९७१ एवढी वर्षं आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती, परदेशी वाद्य म्हणून. तेव्हाही आपल्या देवळांतून ती हलली नाही. मागणी आहे, फक्त ती वाचनालयाच्या मागणीवहीत उतरलेली नाही, कारण पेटीवाल्याला वाटतं वाचनालय कादंबरीवाल्यांचं, आणि समितीला वाटतं पेटी देवळातली. मार्चअखेर आला की विक्रेत्याची यादी येते, गठ्ठे येतात, शिक्के बसतात. यादीवर टिक करण्याआधी आमच्या काकांसारख्या एखाद्या पेटीवाल्याला विचारायला काय जातं?

यूट्यूब आहे की, असं म्हणणाऱ्यांसाठी. मीही बघतो. पट्ट्यांवर रंगीत दिवे पडतात, आपण त्यांच्यामागे धावतो, एक गाणं बसतं, दुसऱ्या गाण्याला परत शून्य. शिवाय कशेळ्याच्या पुढे रेंज किती असते ते तिथल्या लोकांना विचारा. क्लास लावा म्हणणाऱ्यांनी खोपोली-कर्जत गाडीचं वेळापत्रक बघावं आणि मग पाळी सुटल्यावर बदलापूर-कल्याणला क्लासला जाऊन दाखवावं. गुरू मिळाला तर सोन्याहून पिवळं, माझे काका मला मिळाले. सगळ्यांना मिळत नाहीत.

मी अर्ज तयार केलाय. मागणी चारच पुस्तकांची: बोटांचे आकडे असलेलं पेटीचं एक, भातखंडे लिपीचं एक, पलुस्कर लिपीचं एक आणि कीबोर्डवाल्यांसाठी प्रौढांचं एक पाश्चात्त्य. आतल्या पानावर दोन लिप्यांच्या खुणांचा तक्ता मी स्वतः टाईप करून, मोठ्या अक्षरात, चिकटवून देईन. समितीने खरेदीआधी दोन पेटीवाल्यांना बोलवावं, ही दुसरी मागणी.

अर्ज सोमवारी सकाळी अकराला देतोय. ज्यांचं वाचनालयाचं सभासदत्व चालू आहे त्यांच्याच सह्या धरतील, तेव्हा वर्गणी थकली असेल तर आधी भरा. खोपोली आणि चौकच्या मंडळींनी आपापल्या वाचनालयात वेगळा अर्ज द्यावा, मसुदा मागितला तर पाठवतो. आणि कुणाकडे बोटांचे आकडे असलेलं पेटीचं जुनं मराठी पुस्तक असेल तर कृपया मुखपृष्ठाचा आणि आतल्या एका पानाचा फोटो कमेंटमध्ये टाका. मला अजून सापडलेलं नाही.